एकोणतीस अंकांचा मनुष्यभव

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६.

पनवेलच्या पेढीवर रोज मेळ घालणाऱ्यालाही ही संख्या एका दमात वाचता येणार नाही. अनुयोगद्वारसूत्रात गर्भज मनुष्यांची किमान संख्या सांगताना तिची लक्षणे दिली आहेत : ती एकोणतीस स्थानांची आहे, दोनाच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती येते, आणि ती ९६ वेळा निम्मी करता येते. दोनाचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६. याच क्रमाने पाचवा ४२९४९६७२९६. निम्मे करण्याच्या या मोजणीला आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत (इ. स. ८१६) ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे.

नवाचा ताळा पाहू. अंकांची बेरीज १२७, तिची १०, शेवटी १. सहा दोनांचा गुणाकार ६४, त्याचाही ताळा १. आणि ९६ म्हणजे सोळा वेळा सहा. ताळा जुळला.

निगोदातील जीव अनंत आहेत. मनुष्यभव मात्र असा मोजून सांगितलेला आहे. म्हणूनच तो दुर्लभ. पाठशाळेतील मुलांना हा आकडा निम्मा करत जाण्यास सांगावे. शहाण्णवाव्या पायरीवर एकच उरतो. त्या एकाचा हिशेब ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.