झाडं मोजता, मग ओलही मोजा

मंडळी, पावसाळा आला की आमच्या तेल्हाऱ्याकडे खड्डे, रोपं आणि फोटो यांचा हंगाम सुरू होतो. झाडं लावायला माझा विरोध नाही. राग आहे तो आकड्यांच्या नादाचा. राज्याने २०१६ साली २ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, ते २०१९ ला ३३ कोटींवर गेलं. पण "या खड्ड्यात मार्चमध्ये ओल किती राहील?" हा प्रश्न मी तरी कुठल्या भाषणात ऐकला नाही.

आपली काळी माती पाणी भरपूर धरते, हे खरं. पण धरलेलं सगळं सोडते असं नाही! तिच्यातले चिकणमातीचे कण पाण्याला इतकं घट्ट पकडून बसतात की हाताला माती दमट लागते आणि रोप मात्र माना टाकतं. त्यात तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात. मातीत क्षार असले की पाणी ओढायला मुळांना आणखी जोर लावावा लागतो. उन्हाळ्यात भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात, खालची ओलही उडून जाते. आणि मूळ खोल गेलंच तर तिथे खारं पाणी! वर सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी-भैरवगडाकडे गोष्ट वेगळी. मग दोन्हीकडे एकच रोप, एकाच अंतरावर कसं चालेल?

झाड स्वतः हिशेबी असतं. वाफसा असला की पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडी ठेवून सढळ हाताने पाणी खर्च करतं. ओल उतरली की भर दुपारी छिद्रं मिटून घेतं. पळस तर पानंच गाळतो. पण छिद्रं मिटली की अन्न तयार होणंही थांबतं. मोठ्या झाडाची मुळं खोल असतात, ते तग धरतं. वीतभर मुळाचं रोप पहिल्या मे महिन्यात काय करणार?

बरं, रोपं जगली म्हणजे सुटलो असंही नाही. चीनमधल्या लोएस पठारावर १९९९ पासून प्रचंड लागवड झाली. धूप कमी झाली, उजाड टेकड्या हिरव्या झाल्या. पण जिथे लागवड दाट झाली तिथे झाडांनी पावसाने भरून निघेल त्याहून जास्त पाणी ओढलं आणि जमिनीत खोलवर कोरड्या मातीचा थर तयार झाला. हिरवळही कर्जावर असू शकते, ती अशी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खारपाणपट्ट्यात बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब अशी काटक झाडंच लावा, विरळ लावा, मधे गवत वाढू द्या. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. रोज तांब्याभर पाणी घालून मुळांना वरच राहायची सवय लावू नका; थोड्या दिवसांनी द्या, पण खोल मुरेल एवढं द्या, आणि गोडं द्या. मोजणी करा ती दुसऱ्या उन्हाळ्यानंतर.

पुण्या-मुंबईची आणि अमेरिकेतली आमची भाचेमंडळी वाढदिवसाला "गावात ५० झाडं लावा" म्हणून पैसे पाठवतात. पोरांनो, पाठवत राहा. फक्त झाडं १० सांगा, आणि उरलेल्या पैशांत त्यांच्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची सोय होऊ द्या.