थ्री नॉट थ्रीचा बोल्ट शेवटचा कुणी मोजला?

मुंबईत काम निघालं की गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांच्या हातात लाठी होती. त्याच रात्री थोडं आधी सीएसटीवर आपल्या जवानांकडे थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर एके-४७. दरवर्षी ही तारीख आली की आपण 'गंजक्या रायफली' म्हणून हळहळतो, पुढारी नव्या खरेदीची घोषणा करतात, फोटो निघतात. माझं भांडण वेगळं आहे. नवी घ्या हो, जरूर घ्या. पण जुनी जवानाच्या खांद्यावर आहे तोवर तिची तपासणी करतो कोण?

ली-एनफिल्डचं मार्क थ्री मॉडेल १९०७ सालचं. पुढे ते बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनलं. दोन महायुद्धं काढलेली रायफल ही, नुसतं वय झालं म्हणून ती वाईट होत नाही. वाईट होते ती सुटे भाग बदलून माप न घेतल्याने.

माप म्हणजे हेडस्पेस. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, ती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. बोल्ट बंद केल्यावर त्याचं तोंड आणि नळीचं हे तोंड यांच्यात कडेपुरती जागा राहते, तेवढीच राहायला हवी. ब्रिटिश लष्कराच्या हिशेबाने ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. जागा वाढली की गोळी झाडताना पितळी पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ तुटते. पुढचा तुकडा नळीत अडकतो, दुसरं काडतूस आत जात नाही. रायफल तिथंच मुकी. नशीब फारच वाईट असेल तर गरम वायू मागे तोंडावर.

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रायफली साफ करायला घेतल्या, सगळे बोल्ट एका ताडपत्रीवर, आणि परत बसवताना ज्याला जो मिळाला तो त्याने घातला. दुसऱ्या दिवशी रेंजवर एकाची पुंगळी तुटली. म्हातारे उस्ताद आम्हाला शिव्या घालत म्हणाले, "बोल्टच्या दांड्यावर नंबर ठोकलाय तो शोभेला काय रे?" बोल्ट त्याच रायफलीच्या अंगाला बसवलेला असतो. तो बदलला, बोल्ट हेड बदललं किंवा नळी बदलली, की गेज लावलंच पाहिजे. नंबर फोर रायफलीला ० ते ३ क्रमांकांची, थोड्याथोड्या फरकाने लांब होत जाणारी बोल्ट हेड मिळायची. मार्क थ्रीला ती सोय नाही, आर्मररने एकेक लावून बघायचं. रायफल रिकामी, एक्स्ट्रॅक्टर काढलेला, गेज आत, बोल्ट दोन बोटांनी हलकेच. जोर लावलात तर माप खोटं.

यात अजून एक गंमत. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने काढलेली ७.६२ ची रायफल दिसायला हिची सख्खी बहीण. पण तिच्या काडतुसाला अशी कडा नाही, माप खांद्यावरून, गेज वेगळं. दोघी एका कपाटात आणि गेज एकाच जातीचं, तर तपासणी झाली काय आणि नाही काय!

कमेंटमध्ये लगेच कुणीतरी येईल, "साहेब, कुठल्या जमान्यात आहात? थ्री नॉट थ्री गेली." उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला जाहीर निरोप दिला, मान्य. पण निरोप द्यायला २०२० उजाडलं ना? सीएसटीनंतर तब्बल ११ वर्षं! शिवाय आज घेतलेली नवी रायफलही वीस वर्षांनी जुनीच होणार आहे, तिचेही भाग बदलणार आहेत. घोषणेत रायफलींचा आकडा असतो. आर्मररची पदं, गेज, सुटे भाग यांचा आकडा मी तरी कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकला नाही. त्याला फीत कापता येत नाही, हे खरं दुखणं.

म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. शस्त्रं किती, कुठं ठेवली, हे विचारणारच नाही, म्हणजे 'सुरक्षेचं कारण' पुढे करायला जागा नको. एवढंच विचारतोय: भाग बदलल्यावर हेडस्पेस तपासल्याची नोंदवही आहे का? त्यात रायफलीचा आणि बोल्टचा नंबर शेजारी शेजारी लिहितात का? आणि गेज स्वतः शेवटचं कधी तपासून घेतलं?