भूगोलाच्या पेपरातील आलेख आणि शिवारातील विहीर

जळगाव : तापी महापुनर्भरण प्रकल्पाबाबत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे करार झाला. सुमारे ३१ टीएमसी पाण्याचा वापर करून सातपुड्याच्या पायथ्याशी खालावलेला भूजलसाठा पुन्हा भरून काढण्याची ही योजना आहे. रावेर, यावल या केळीच्या पट्ट्याला तिच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत. कालवे, निधी आणि श्रेय यांवर चर्चा बरीच झाली. तुलनेने दुर्लक्षित राहिलेला प्रश्न निराळाच आहे. पुनर्भरण झाले की नाही, हे ठरवायचे कशावरून आणि ते समजून घेणार कोण? त्याचे उत्तर विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींत आणि त्यांवरून काढलेल्या आलेखांत असणार आहे. ते आलेख वाचण्याची पाळी ज्यांच्यावर येईल, ती मुले आज खानदेशातील माध्यमिक शाळांत नववी-दहावीच्या वर्गात बसलेली आहेत.

आलेख या मुलांना नवा नाही. दहावीच्या ४० गुणांच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत सांख्यिकीय माहितीवरून आलेख काढण्याचा किंवा दिलेल्या आलेखाचे वाचन करण्याचा प्रश्न असतोच. सहा गुणांचा हा प्रश्न 'हमखास' मानला जातो आणि त्याची तयारीही हमखास पद्धतीने होते. शीर्षक लिहा, प्रमाण लिहा, अक्षांना नावे द्या, स्तंभ सारख्या रुंदीचे काढा, सूची विसरू नका. पुढील उपप्रश्नही ठरलेले असतात : सर्वाधिक कोणत्या वर्षी, सर्वांत कमी कोणत्या वर्षी, फरक किती. पट्टी आणि पेन्सिल नीट चालवणाऱ्यास गुण मिळतात. भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आधारलेल्या पाठ्यपुस्तकात हवामानाचे आलेख आहेत आणि ते चांगलेही आहेत. परंतु दूरच्या शहराच्या पर्जन्यमानाचा स्तंभ वाचता येणे आणि गावच्या विहिरीची नोंद वाचता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर परीक्षेत कोठेच तपासले जात नाही.

उलटा अक्ष

भूजलाच्या आलेखातील पहिला चकवा अगदी साधा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. नोंद असते ती जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीची. आकडा ८ वरून १५ झाला, म्हणजे पाणी वाढले नाही, ते सात मीटर खाली गेले. शाळेत शिकलेला विद्यार्थी मात्र उंच स्तंभ म्हणजे जास्त, या सवयीने पाहतो. म्हणून जाणकार मंडळी हा आलेख काढताना शून्य वर ठेवतात आणि उभा अक्ष खाली उतरवतात. अशा आलेखात रेषा उतरली की पाणीही उतरलेले दिसते. पण सगळेच तसे करत नाहीत. एकाच विहिरीचे दोन आलेख शेजारी ठेवले, तर एकात दिलासा आणि दुसऱ्यात संकट दिसू शकते. अक्षावर काय लिहिले आहे, हे आधी पाहण्याची सवय शाळेतच लागायला हवी. तीच लावली जात नाही.

दुसरा चकवा सरासरीचा. टंचाईचा अंदाज बांधताना चालू वर्षाची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते. प्रशासनाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. पण एक काल्पनिक विहीर घेऊ. पाच वर्षांच्या ऑक्टोबरमधील खोलीच्या नोंदी अनुक्रमे १०, ११, १२, १३ आणि १४ मीटर आहेत. सरासरी १२ मीटर झाली. सहाव्या वर्षी नोंद आली १३ मीटर. आता याच एका आकड्यावरून तीन बातम्या होऊ शकतात. गतवर्षीपेक्षा पातळी एक मीटरने वाढली. पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा एक मीटरने घटली. पहिल्या वर्षाच्या तुलनेत तीन मीटरने घटली. तिन्ही विधाने खरी आहेत. मात्र पाणी सतत खोल जात असलेल्या भागात सरासरी स्वतःच दरवर्षी खाली सरकते आणि तिच्याशी केलेली तुलना सौम्य भासते. यावल आणि रावेर या तालुक्यांची गणना भूजल मूल्यांकनात 'अतिशोषित' गटात होत आली आहे, म्हणजे वार्षिक उपलब्धतेच्या शंभर टक्क्यांहून अधिक उपसा. अशा ठिकाणी पाच वर्षांची खिडकी पुरेशी नाही.

शिरपूरचा धडा

आधारवर्षाचा प्रश्न समजून घ्यायचा, तर धुळे जिल्ह्यातील शिरपूरइतके जवळचे उदाहरण नाही. भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तत्कालीन आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून साखळी बंधारे बांधण्याचे काम सुरू झाले. कोरड्या विहिरींना पाणी आले, 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गाजला, पाहायला माणसे येऊ लागली. शेतकऱ्यांच्या अनुभवाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण त्या अनुभवाचा आलेख वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. २००३ हे महाराष्ट्रातील अवर्षणाचे वर्ष होते, तर २००६ च्या पावसाळ्यात तापी खोऱ्यात इतके पाणी झाले की त्या ऑगस्टमध्ये सुरत शहर बुडाले. अवर्षणाच्या तळाशी पहिला बिंदू आणि अतिवृष्टीच्या माथ्यावर दुसरा बिंदू ठेवून रेषा ओढली, तर ती वर चढणारच, मधे काम झालेले असो वा नसो.

म्हणून काम निरुपयोगी होते, असा निष्कर्ष काढणेही तितकेच उतावीळपणाचे. कामाचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे वेगळे करण्यासाठी दोन गोष्टी लागतात. त्याच आलेखावर दरवर्षीचे पर्जन्यमान हवे आणि जेथे काम झाले नाही, अशा शेजारच्या, सारख्याच भूस्तरातील विहिरींच्या नोंदी हव्यात. ही तुलना दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची मुळीच नाही. किंबहुना आलेख शिकवायचा तो यासाठीच.

भूस्तराचा मुद्दा तर भूगोलाच्या पुस्तकाशी थेट जोडलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा, वाळूचा बझाडा पट्टा आहे, त्याच्या दक्षिणेला तापीचा जाड गाळ आणि त्यापलीकडे काळा पाषाण. धुळे जिल्ह्यात या पाषाणातून लांबच लांब भित्तिखडक गेलेले आहेत आणि ते कित्येक ठिकाणी भूमिगत बांधाऱ्यासारखे पाणी अडवतात. भिंतीच्या एका अंगाला विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाला कोरडी, हे दृश्य तेथील शेतकऱ्याला नवे नाही. शिरपूर तालुक्यात गाळही आहे आणि बेसाल्टही. एका विहिरीचा आलेख पाहून तालुक्याविषयी बोलणे, किंवा तालुक्याच्या सरासरीवरून एखाद्या गावाविषयी बोलणे, दोन्ही चुकीचे.

आकड्यांचा असा हिशेब न मांडता कामे रेटली की काय होते, हे जलयुक्त शिवार अभियानात दिसले. नाला खोलीकरणावरील आक्षेप न्यायालयात गेले, समिती नेमली गेली आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी ९ हजार ६०० कोटींहून अधिक खर्चानंतरही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प असल्याचा ठपका ठेवला. त्यानंतर समर्थक आणि विरोधक आपापल्या सोयीचे आकडे घेऊन भांडत राहिले. गावातील सामान्य माणूस त्या भांडणात प्रेक्षकच राहिला.

'सलग' या शब्दाची किंमत

केळी उत्पादकाच्या घरात आकड्यांचा संबंध थेट पैशांशी येतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई शेतातील नुकसान पाहून ठरत नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ती ठरते. तापमान ठरावीक अंशाखाली वा अंशावर सलग इतके दिवस राहिले, अशी अट असते. समजा, किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे. पाच दिवसांच्या नोंदी आल्या ७.८, ७.९, ८.२, ७.६ आणि ७.५. पाचांपैकी चार दिवस थंडी अटीत बसणारी, सरासरीही ७.८ अंश. तरीही अट पूर्ण होत नाही, कारण तिसऱ्या दिवसाने साखळी तोडली. बागेला चरका बसला तो बसलाच. त्यात केंद्रातील तापमापक जमिनीपासून काही उंचीवर असतो आणि निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड असते. शेतकऱ्याचा अनुभव आणि यंत्राची नोंद यांत तफावत का पडते, याचे उत्तर नववीच्या भूगोलात आणि विज्ञानात विखुरलेले आहे. ते कोणी एकत्र करून सांगत नाही, आणि मग तक्रार अर्जात 'थंडी फार होती' एवढेच लिहिले जाते.

पावसाचेही तसेच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. हे चोवीस तास मध्यरात्रीपासून मोजले जात नाहीत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे ते मोजतात. पहाटे थांबलेल्या आणि नऊ वाजता पुन्हा कोसळलेल्या पावसाची विभागणी दोन तारखांत होते. जिल्ह्याच्या सरासरीचा तर अशा वेळी काहीच उपयोग नाही. धुळे जिल्ह्याची सरासरी ठीक दिसते, तेव्हा साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात भरपूर पाऊस आणि शिंदखेड्यात पिके माना टाकत असलेली, असे अनेकदा घडते.

शाळेच्या हाती काय

नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा' हा विषय आला, त्याला पाठ्यपुस्तक आहे, उपक्रम आहेत. पण तो श्रेणीचा विषय असल्याने अनेक ठिकाणी वह्या पूर्ण करून घेण्यावर भागते. भूगोलाच्या शिक्षकाला दोष देणेही सोपे नाही, कारण निकालाचा दबाव त्याच्यावर आणि वेळापत्रकात तासिका मोजक्या. तरीही खर्चाशिवाय करता येण्यासारखे पुष्कळ आहे. एक दोरी, एक वजन आणि एक वही एवढ्यावर शाळेशेजारच्या विहिरीची खोली महिन्यातून एकदा मोजता येते. शासकीय नोंद वर्षाला चार बिंदूंची, तर शाळेची बारा बिंदूंची होईल. अट एकच : मोजणी विशिष्ट दिवशी, पंप बंद करून काही तास गेल्यावर आणि दरवेळी काठाच्या त्याच खुणेपासून व्हावी. काठ जमिनीपासून जेवढा उंच असेल, तेवढे अंतर वजा करावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्याचा समावेश झाला आणि त्यातील गावांत पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. त्या ग्रामपंचायतीचा ताळेबंद वर्गात उघडला, तर पाठ्यपुस्तकातील कोणत्याही तक्त्यापेक्षा मुले त्यात अधिक रस घेतील, कारण त्यात त्यांच्या शिवाराची नावे असतात.

तापी पुनर्भरणाच्या दृष्टीने याला घाई आहे. प्रकल्पाचे पाणी जमिनीत मुरू लागण्याआधीची काही वर्षे हीच पुढील तुलनेची आधारवर्षे ठरतील. त्यांत ओली आणि कोरडी, दोन्ही प्रकारची वर्षे असली तरच शिरपूरबाबत जो वाद राहिला, तो टळेल. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये रावेर, यावल, चोपड्यातील ज्या विहिरी मोजल्या जाणार नाहीत, त्यांची या वर्षाची नोंद नंतर कोणालाही मिळवता येणार नाही.