कोलकात्यात उतरायचं कुठे?

सुट्ट्या जवळ आल्या की नागपूरकरांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. तिकीट मिळेल का, आणि तिथे उतरायचं कुठे? पहिल्याचं उत्तर रेल्वेच्या हाती. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण मोबाइलवर सगळ्यात कमी भाड्याची खोली शोधून, फोटो बरे दिसले की पैसे भरून देऊन टाकतात. कोलकात्याच्या बाबतीत तरी असं करू नका, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. आज जरा सविस्तर सांगतो.

आम्हा विदर्भातल्या लोकांना कोलकाता जवळचं आहे. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही वरचा-खालचा वर्ग नसलेली गाडी म्हणून. आज तिच्यात एसीचे डबे आहेत, पण संध्याकाळी नागपुरात बसून दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला उतरणारी माणसं अजूनही मोजून पैसे खर्च करणारीच असतात. सोबत गुडघे दुखणारी आई, शाळेत जाणारी मुलं आणि चार-पाच दिवसांची रजा. अशा कुटुंबाचा पैसा जितका मोजका, तितकाच वेळही मोजका असतो. स्वस्त खोलीचा हिशेब करताना हा दुसरा आकडा कोणी मांडत नाही, आणि सगळी फसगत तिथेच होते.

न्यू टाउन-राजारहाटचं उदाहरण घ्या. नव्या इमारती, लिफ्ट, एसी, चकचकीत स्वयंपाकघर आणि भाडं दक्षिण कोलकात्यातल्या भवानीपूरच्या जुनाट खोलीपेक्षा कमी. मोह होणारच. पण तुम्हाला पाहायचं आहे व्हिक्टोरिया मेमोरियल, कालीघाट, कॉलेज स्ट्रीट, जोडासांकोची ठाकूरबाडी म्हणजे रवींद्रनाथांचं घर. रोज सकाळी तास-सव्वा तास गाडीत, संध्याकाळी दमून पुन्हा तितकाच. रात्रीमागे पाचशे रुपये वाचवले म्हणाल, तर टॅक्सीवाला ते एका फेरीत घेऊन जातो. आणि दुपारी आईला तासभर पाठ टेकायला परत येता येत नाही ते वेगळंच. म्हाताऱ्या माणसांसोबतच्या प्रवासात दुपारी खोलीवर येता येणं फार मोठी गोष्ट असते.

मग निवडायचं कसं? आधी मेट्रोचा नकाशा समोर घ्या, खोल्यांचे फोटो नंतर. भारतातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये धावली ती एस्प्लनेड ते भवानीपूर. त्याच निळ्या मार्गिकेवर आज पाहुण्याला हवं ते जवळपास सगळं ओळीने आहे. उत्तरेला दक्षिणेश्वर, मग मूर्तिकारांच्या कुमारटुलीसाठी शोभाबाजार, ठाकूरबाडीसाठी गिरीश पार्क, कॉलेज स्ट्रीटसाठी महात्मा गांधी रोड, इंडियन म्युझियमसाठी पार्क स्ट्रीट, व्हिक्टोरियासाठी रवींद्र सदन किंवा मैदान आणि खाली कालीघाट. तिकीट पाच रुपयांपासून. मार्च २०२४ पासून हावडा स्टेशनवरून हुगळीच्या पात्राखालून एस्प्लनेडला जाता येतं, म्हणजे गीतांजलीतून उतरल्यावर पुलावरच्या गर्दीत टॅक्सी शोधायची गरज उरली नाही. एस्प्लनेडला गाडी बदलली की निळी मार्गिका. ऑगस्ट २०२५ मध्ये विमानतळही मेट्रोला जोडला गेला, तिथून येणाऱ्यांनी नोआपाड्याला बदलायचं. निळ्या मार्गिकेच्या कोणत्याही स्टेशनपासून दहा मिनिटांत चालत जाता येईल एवढ्याच अंतरातल्या खोल्या बघा. बाकीच्या कितीही सुंदर असोत, सोडून द्या.

आता ही मार्गिका लांब आहे, आणि प्रत्येक स्टेशनबाहेरची वस्ती निराळी.

सदर स्ट्रीट हा स्वस्त खोल्यांचा जुना पत्ता. म्युझियमच्या शेजारचा रस्ता, तरुण रवींद्रनाथ काही काळ इथल्या एका घरात राहिले होते. एकट्या-दुकट्या तरुणाने पाठीवर बॅग टाकून यावं आणि इथे राहावं. कुटुंबाला मी पाठवणार नाही. खोल्या अरुंद, दारात दलाल, आणि आजूबाजूला पाहुणेच पाहुणे. जिथे कोणी राहतच नाही तिथे सकाळी सहाला दूध मिळत नाही की रात्री साधा वरणभात.

उत्तर कोलकात्याचं, म्हणजे श्यामबाजार, बागबाजार, शोभाबाजारचं आकर्षण मला स्वतःला फार आहे. नागपूरकराने तर एकदा तिथे पायी फिरावंच. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही, पुढे बुजवला आणि त्या रेषेवर सर्क्युलर रोड आला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. पण राहण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. जिना कसा आहे, आणि पावसात गल्लीत पाणी किती साचतं. ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट हा भाग तर तुंबण्यासाठी प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात आईवडिलांना घेऊन तिथे राहू नका.

सॉल्ट लेक या मार्गिकेवर नाही, पण त्याच्याबद्दल माझं मत बदललं. पूर्वी मी ते लांब म्हणून नाकारत असे. हावड्याहून येणारी मेट्रोची हिरवी मार्गिका सलग झाल्यापासून तिथून एस्प्लनेडला वीसेक मिनिटांत पोहोचता येतं. रुंद रस्ते, झाडं, शांतता. संध्याकाळनंतर रस्ते फार सुने होतात, एवढंच.

तरीही मला कोणी एकच नाव विचारलं तर मी भवानीपूर-हाजरा सांगतो. नेताजी भवन आणि जतीन दास पार्क या दोन स्टेशनांमधला हा पट्टा. घरं जुनी, पण माणसांनी भरलेली. सकाळी जदुबाबूंच्या बाजारात भाजी आणि मासळी दोन्ही, कोपऱ्यावर कचोरी-तरकारी. १८८५ पासूनचं बलराम मल्लिकांचं मिठाईचं दुकान चालत्या अंतरावर, थंडीत गेलात तर नवीन गुळाचा संदेश तिथेच खा. गुजराती आणि पंजाबी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. जरा खाली रासबिहारीजवळ लेक मार्केटात दाक्षिणात्य खानावळी आहेत. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास ही आपल्या लोकांची वास्तू आहे. रासबिहारीहून गरियाहाटला साड्यांसाठी जायचं तर ऑटो मिळतो. इथले ऑटो ठरलेल्या मार्गावर, माणशी भाड्याने चालतात, त्यामुळे घासाघीस नाही. कालीघाट मंदिराच्या अगदी गल्लीतली खोली मात्र टाळा. मंगळवार-शनिवारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते.

भवानीपूरच्या वस्तीत रात्री साडेनऊला माझी बायको एकटी औषधाच्या दुकानात जाऊन आली, आणि कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, क्लबच्या दारात कॅरम खेळणारी पोरं, उघडं मिठाईचं दुकान. माणसांची जाग असणं हीच परक्या गावातली सुरक्षितता. नकाशावर खोलीच्या आसपास शाळा, औषधाचं दुकान, बँक, शिंपी दिसतो का ते पाहा. नुसती हॉटेलं दिसली तर पुढे सरका.

जाहिरातीत ‘पार्क स्ट्रीटपासून दहा मिनिटं’ असं असतं. कशाने दहा मिनिटं, ते लिहिलेलं नसतं. अनेक ठिकाणी पैसे भरेपर्यंत नेमका पत्ता कळत नाही, नकाशावर नुसतं एक वर्तुळ दिसतं. म्हणून मालकाला सरळ विचारा, मेट्रोचं सगळ्यात जवळचं दार कोणतं आणि तुमची आई तिथवर चालत किती वेळात जाईल. आईचं नाव निघालं की माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे. मजला, लिफ्ट, गिझर, गॅस आणि गाडी दारापर्यंत येते का, हेही विचारा. कोलकात्यात काही एकेरी रस्त्यांची दिशा दुपारनंतर उलटी होते. सकाळी दारात आलेली टॅक्सी संध्याकाळी कोपऱ्यावर सोडते.

ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासला मुकुंदपूरच्या बाजूला स्वच्छ, स्वस्त, स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या बऱ्याच दिसतील. त्या घेऊ नका. तिथे मोठमोठी रुग्णालयं आहेत, आणि त्या खोल्या लांबून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहेत. आपण फिरायला चाललो आहोत, आपल्याला दुसरी जागा सापडते.

दुर्गापूजेत जाणार असाल तर वरचं सगळं गणित बदलतं. भाडी चढतात, रस्ते वाहनांना बंद होतात, मोठ्या मंडपाजवळ रात्रभर ढाक नावाच्या ढोलांचा आवाज आणि गर्दी. तेव्हा गरियाहाटचं एकडालिया किंवा बागबाजारचं सार्वजनीन असे मोठे मंडप मेट्रोने आणि पुढे पायी जाऊन पाहा, आणि राहायला दोन-तीन गल्ल्या आत, लहान मंडपाच्या वस्तीत खोली घ्या. पाहुण्याला तिथे भोगाच्या पंगतीत बसवून घेतात. रेल्वेचं तिकीट प्रवासाच्या ६० दिवस आधी मिळू लागतं. तेवढं थांबलात तर पूजेतल्या चांगल्या खोल्या गेलेल्या असतील. त्यामुळे रद्द करता येईल अशी खोली आधीच धरून ठेवा, आणि तिकीट वेटिंगवरच राहिलं तर खोली मुदतीच्या आत सोडून द्या, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला मिळेल.