फोटो हवा की पिल्लं?

बालदोस्तांनो,

फोटो काढायला जंगलातच जावं लागतं, असं थोडंच आहे? आपलं परस आहे की! अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच. कडुनिंबाखाली मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि आठ-दहा हात दूर गुपचूप बसा. चिमण्या, सातभाई, खार, सारे येतील. सकाळचं कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या. नेम धरा तो डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत वाटतो. मोबाइल असला तरी चालेल बरं का!

आता माझी चूक सांगते. नवा कॅमेरा हाती आला, तेव्हा मधुमालतीच्या वेलात बुलबुलाचं घरटं दिसलं. पानं आड येत होती, म्हणून मी ती खुडली. फोटो झकास आला! पण आडोसा गेला आणि कावळ्याला पिल्लं दिसली. संध्याकाळी घरटं रिकामं. आई म्हणाली, "फोटो पाह्यजे होता का पिल्लं, बाप्पा?" मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून घरटं दिसलं की मी मागं फिरते.

फोटोचं मोल मात्र मोठं आहे. रानपिंगळ्याची १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती. १९९७ साली पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो शहाद्याजवळ दिसला. त्यांनी त्याचं चित्रणही केलं. पुढे आपल्या मेळघाटातही तो सापडला!

तेव्हा फोटोखाली तारीख, वेळ, जागा लिहायला विसरू नका. परसात कोण कोण आलं, मला कळवाल ना?

तुमच्या बाई