भीमगीतांचा धनी कोण?

चौदा एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत भीमगीते वाजू लागतात. सहा डिसेंबरला दादरच्या फुटपाथवर पूर्वी कॅसेटी विकल्या जात, मग सीडी आल्या, नंतर शेकडो गाणी भरलेले पेनड्राइव्ह आले. पेनड्राइव्हच्या पाकिटावर बाबासाहेबांचा फोटो असतो, विकणाऱ्याचा मोबाईल नंबर असतो. ज्याने रात्र जागून ते गाणे लिहिले त्या कवीचे नाव मात्र कुठेच नसते. युट्यूबवर तर कहरच आहे. एकाचे शब्द, दुसऱ्याचा आवाज आणि जाहिरातीचे पैसे तिसऱ्याच्याच खात्यात!

यावर बोलले की आपलेच लोक म्हणतात, ‘गाणे चळवळीचे आहे, त्यावर मालकी कसली?’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. जयंतीच्या कार्यक्रमात मंडपवाल्याचे बिल चुकते होते, डीजेवाला आगाऊ पैसे घेतल्याशिवाय गाडीतून स्पीकर उतरवत नाही, गायकाला मानधन मिळते. ‘समाजासाठी सोड’ असे फक्त कवीलाच सांगितले जाते. त्याला शाल मिळते आणि पुढच्या वर्षी त्याच्या आजारपणासाठी वर्गणीची पावती फाडली जाते. आपल्या शाहिरांनी भीक मागायची आणि त्यांच्या शब्दांवर व्यापाऱ्यांनी बंगले बांधायचे, हा कुठला न्याय?

चळवळ आणि धंदा यांतला फरक कायद्यालाही कळतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर गाणे सादर केले तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे विहारात, चौकात, जयंतीच्या स्टेजवर आपल्या पोरांनी गायला कुणाची आडकाठी नाही. आमचा आक्षेप आहे तो गाणे ध्वनिमुद्रित करून, विकून, इंटरनेटवर चढवून पैसा करणाऱ्यांवर. मंडळाच्या नावाआड त्यांनी लपू नये.

मुळात हक्क केव्हा निर्माण होतो? अनेक कवींना वाटते की सरकारदरबारी नोंदणी केली तरच. तसे नाही. गाणे कागदावर उतरले त्या क्षणी हक्क कवीचा झाला. तो कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे साहित्य २०२९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. नोंदणी सक्तीची नसली तरी ती करावी असेच आम्ही सांगतो, कारण कोर्टात नोंदवहीचा उतारा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो आणि एका गीताची फी अवघी ५०० रुपये आहे. काही शाहीर स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवतात. त्याने मनाला धीर येतो, पण ती नोंदणी नव्हे. त्यापेक्षा तारखेनिशी छापलेली गीतांची छोटी पुस्तिका कितीतरी उपयोगी.

खरा घात होतो तो करारात. आमच्यापुढे येणारे कागद बहुधा एकाच साच्याचे असतात. स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत दोन पाने, खाली सही किंवा अंगठा, आणि मजकूर असा की सर्व गीतांचे सर्व हक्क जगभर, कायमचे कंपनीला दिले. बदल्यात दोन-तीन हजार रुपये. सही करणाऱ्याला वाटते, आपण एका कॅसेटीसाठी सही केली. प्रत्यक्षात त्याची हयातभराची वही गेलेली असते.

अशा कागदाने सगळेच संपले असे समजून घरी बसू नका. कलम १९ सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवे. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे त्यात लिहिलेले हवे. काळ लिहिला नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. तोंडी ‘घेऊन टाक’ म्हटल्याने काहीही हस्तांतरित होत नाही.

मे २०१२ मध्ये संसदेने याच कायद्यात मोठी दुरुस्ती केली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी गीतकारांची बाजू लावून धरली होती. या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिला तरी त्या गीताच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत कवीचा समान वाटा राहतो, आणि तो वाटा त्याला सोडूनही देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तेही करारात येत नाही. कॅसेटच्या जमान्यातल्या जुन्या करारांना हे किती लागू पडेल यावर वाद होईल. तो वाद घालायला हवा. आजवर आपल्या बाजूने तो कोणी घातला आहे?

पैशाइतकीच नावाची चोरी गंभीर आहे. आपल्या परंपरेत कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या गीतांत ‘वामन’ येतो तो मिरवण्यासाठी नाही, ती त्यांची सही आहे. आजचे काही गायक नेमके तेच कडवे गाळतात, काही तर त्या जागी स्वतःचे नाव बसवतात! कलम ५७ प्रमाणे सगळे हक्क विकल्यानंतरही आपले नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो, त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले आणि त्याची हानी झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाईही दिली. सरकारविरुद्ध हे होऊ शकते, तर गाळलेल्या कडव्यासाठी का नाही?

मात्र एक गोष्ट आपल्या कवींनाही सांगितली पाहिजे. विषयावर कोणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केले. चवदार तळ्यावर किंवा रमाईंवर आपण आधी लिहिले म्हणून दुसऱ्याला अडवता येणार नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला, ते आता कोणीही छापू शकतो. पण अलीकडे झालेल्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क आहे. तो न विचारता छापणारे प्रकाशक आपल्यातही आहेत.

हक्कभंग झाला तर काय करावे? पोलीस ठाण्यात बहुतेकदा एकच उत्तर मिळते, ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.’ हे उत्तर चुकीचे आहे. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो प्रकरणात ठरवले आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख रुपये. निकालाची प्रत सोबत न्यावी. (फुटपाथवर बसलेल्या गरीब पोराला आत टाकून काही साधणार नाही. त्याला माल पुरवणाऱ्याचे नाव तक्रारीत यायला हवे.) गाणे इंटरनेटवर असेल तर त्या कंपनीला लेखी तक्रार द्यावी. नियमाप्रमाणे तिने ३६ तासांत पावले उचलायची असतात, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर गाणे पुन्हा चढू शकते. तेव्हा तक्रार देऊन स्वस्थ बसू नये. भरपाईच्या दाव्याची मुदत हक्कभंगापासून तीन वर्षे आहे, आणि कलम ६२ मुळे दावा कवी राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

उरला वकिलाच्या फीचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचाही त्यात समावेश आहे. शाहिराची विधवाही अर्ज करू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. जातीचा दाखला, गीतांची वही, असेल तर जुना करार, आणि गाणे जिथे विकले किंवा चढवले गेले तिथला पुरावा एवढे घेऊन तिथे जावे.