बंदूक स्वतःची आणावी

'गनमॅन पाहिजे. स्वतःचे लायसन्स व 12 बोअर आवश्यक. माजी सैनिकांस प्राधान्य.' औद्योगिक वसाहतीच्या वळणावर, विजेच्या खांबाला या धर्तीचा कागद डकवलेला असतो. त्याच खांबावर वेल्डर, फिटर, हेल्परही 'पाहिजे' असतात. पण वेल्डिंगचे मशीन घरून घेऊन ये, असे वेल्डरला कोणी सांगत नाही. मराठीत हत्यार हा शब्द सुताराच्या पटाशीलाही चालतो आणि बंदुकीलाही. खंडेनवमीला दोन्हींवर झेंडूचे फूल चढते. खासगी सुरक्षेच्या धंद्याने मात्र हा श्लेष फारच मनावर घेतलेला दिसतो. सुताराने पटाशी आणावी तशी रखवालदाराने बंदूक आणावी, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ते वाटायला हवे.

शस्त्र परवाना म्हणजे शिधापत्रिका नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली तो एका विशिष्ट माणसाला, त्याची गरज पाहून, पोलिसांचा अहवाल घेऊन दिला जातो. वैयक्तिक परवान्यातली गरज बहुतेक वेळा स्वसंरक्षण ही असते. गावाकडे शेताच्या राखणीसाठीही परवाने निघाले आहेत. आता हा परवानाधारक महामुंबईतल्या एखाद्या गोदामाच्या दारात उभा राहतो. तिथे त्याच्या जिवावर उठलेले कोणी नसते. धोका असतो तो मालकाच्या मालाला. म्हणजे परवाना स्वतःच्या रक्षणाचा आणि रक्षण दुसऱ्याच्या तिजोरीचे. वास्तविक आस्थापनेच्या नावे परवाना काढून ते शस्त्र नेमलेल्या माणसाच्या हाती सोपवण्याची सोय नियमांत आहे. पण तसे केले की कागदावर मालकाचे नाव येते, शस्त्राचा हिशेब मालकाला द्यावा लागतो, ते ठेवायला जागा करावी लागते. त्यापेक्षा बंदुकीसकट माणूस भाड्याने घेणे सोपे. काही बरेवाईट झाले तर परवाना त्याचा, गुन्हाही त्याच्यावर.

अमेरिकेत हाच वाद नेमका उलट्या बाजूने झाला आहे. ओक्लाहोमा राज्यात व्हॅलियंट या लहानशा गावी वेअरहाउसर कंपनीची कागद गिरणी होती. 2002 च्या ऑक्टोबरात कंपनीने वाहनतळावरच्या मोटारींची झडती घेतली आणि ज्यांच्या गाडीत बंदुका सापडल्या त्या कामगारांना काढून टाकले. शिकारीचा मुलूख तो. गाडीत रायफल असणे तिथे नवलाचे नाही. कामगार कोर्टात हरले, पण विधिमंडळात जिंकले. कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवण्यास मालकाला मनाई करता येणार नाही, असा कायदा 2004 मध्ये झाला. कोनोकोफिलिप्ससारख्या बड्या कंपनीने त्याविरुद्ध दंड थोपटले, तेव्हा बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनने तिच्या पेट्रोलवर बहिष्काराची हाक दिली. जिल्हा न्यायालयाने कामगारांच्या सुरक्षेचे कारण देऊन तो कायदा रोखला; 2009 मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते वाचकाने ठरवावे. आम्हाला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. तिथे मालक म्हणत होता, माझ्या आवारात तुझी बंदूक नको. आपल्याकडे मालक म्हणतो, बंदूक नसेल तर आवारातच येऊ नकोस.

आणि आपल्याकडे तर बंदूक हा हक्कही नाही. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. 1948 च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तो राज्यघटनेत आणावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. शस्त्र ही या देशात सवलत आहे, माणूस पारखून दिलेली. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली ती याच धोरणाने. मग ती सवलत नोकरीची पात्रता म्हणून खांबावर कशी काय झळकते?

पात्रता झाली की ती मिळवण्याचे मार्गही निघतात. 2024 च्या नोव्हेंबरात अहिल्यानगर पोलीस आणि लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने जम्मू-काश्मीरमधून आलेल्या नऊ जणांना पकडले. बंदुका होत्या, काडतुसे होती, परवाने बनावट असल्याचे पोलिसांचे म्हणणे. ते इथे कशासाठी आले होते? सुरक्षा रक्षकाच्या नोकरीसाठी. बातमी वाचून अनेकांच्या मनात भलतेसलते आले असेल. आमच्या मनात आली ती खांबावरची अट. इथल्या धंद्याला बंदूकवाला माणूस हवा आहे, तो परवाना कुठला आणि कसा मिळाला हे विचारायला कोणाला सवड नाही, हे दीड-दोन हजार किलोमीटरवर कळते आणि तिथे कोणीतरी शिक्के मारायला बसतो. शैक्षणिक अट वाढली की बनावट पदव्या येतात, तसेच हे. फरक इतकाच, की बनावट पदवीतून गोळी सुटत नाही.

परवाना खरा असला म्हणून प्रश्न मिटतो असेही नाही. 8 फेब्रुवारी 2024 रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरचे थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. मारेकरी म्हणून ज्याचे नाव आले त्या मॉरिस नोरोन्हाने लगेच स्वतःलाही संपवले. उच्च न्यायालयाने पुढे तपास सीबीआयकडे दिला, तेव्हा कट होता की नाही, त्यात कोण होते, यावर आम्ही बोलणार नाही. पण पोलिसांनी पहिल्याच दिवसांत जे सांगितले ते आमच्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारे आहे. पिस्तूल नोरोन्हाचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाचे होते, परवाना उत्तर प्रदेशातला होता, आणि ते ठेवलेले असायचे मालकाच्या कार्यालयात. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. परवान्याच्या अटी मोडल्या, अधिकार नसलेल्याच्या हाती शस्त्र जाऊ दिले, अशा स्वरूपाचे ते आरोप.

कायद्याच्या नजरेने अटक बरोबरच. पण क्षणभर त्या नोकरीच्या जागी उभे राहून पाहावे. पगार देणारा तो, कार्यालय त्याचे, कपाट त्याचे. संध्याकाळी घरी जाताना लोकलच्या गर्दीत पिस्तूल नेऊ नये, तर ते ठेवायचे कुठे? आणि 'किल्ली माझ्याकडेच राहील, साहेब' असे त्या साहेबाला सांगण्याची हिंमत महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या किती जणांत असते? शस्त्र ज्याच्या नावावर आहे त्याने ते दुसऱ्याला द्यायचे नाही, हे नीतीचे पहिले कलम. चाकरी ज्याची करायची त्याला नाही म्हणायचे नाही, हे आपल्या बहुतेक कचेऱ्यांचे अलिखित कलम. बंदूक नोकराची आणि हुकूम मालकाचा, अशी वाटणी केली की ही दोन कलमे एकमेकांवर आदळणारच.

घोसाळकर यांच्या हत्येच्या सहाच दिवस आधी, 2 फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, सत्तारूढ पक्षाच्या आमदाराने मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. बीडमध्ये संतोष देशमुख या सरपंचाच्या हत्येनंतर हिशेब निघाला तेव्हा एकट्या जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचे दिसले. मग शंभरावर रद्द झाले. ही बंदुकीची दुसरी जात, कमरेला लावून लग्नाला जायची. तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि लिहिले जाईल. ती वटीसाठी असते. आम्हाला आज पोटासाठीच्या बंदुकीबद्दल बोलायचे आहे, कारण ती बोलतही नाही आणि मिरवतही नाही, एटीएमच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीला टेकून उभी असते.

ती बाळगणाऱ्या रक्षकाचा दिवस बहुधा बारा तासांचा असतो. रिलिव्हर आला नाही तर तोच पॉइंट पुढे चालू, त्याला 'डबल' म्हणतात. डबल मारल्याचे पैसे मिळतात म्हणून तो कुरकुरत नाही. बंदुकीच्या परवान्याचे नूतनीकरण करायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते, ती रजा बिनपगारी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. बँकेच्या रक्षकाला सहसा सूट मिळते. इतरांनी अर्ज करायचा आणि वाट पाहायची. शेवटची गोळी कधी झाडली, असे विचारले तर अनेक जण सैन्यातले साल सांगतात. बंदूक चालते का, हा प्रश्नही दर वेळी विचारण्यासारखा नसतो.

रिझर्व्ह बँकेला तो विचारावा लागला. रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी तिने एप्रिल 2018 मध्ये जी मानके घातली, त्यांत प्रत्येक गाडीसोबत दोन सशस्त्र रक्षक हवेत, त्यांच्या बंदुका चालत्या स्थितीत आणि वैध परवान्याच्या असाव्यात, अशा गनमॅनची यादी पोलिसांना द्यावी, असे म्हटले आहे. चांगले आहे. पण बंदुका 'रक्षकांच्या' हे तिथेही जणू गृहीतच. देशाच्या रोकडीचे नियम करणाऱ्या संस्थेलाही बंदूक कंपनीच्या नावे असावी असे म्हणावेसे वाटले नाही.

बंदूक संस्थेची असली की सगळे सुरळीत होते, असा मात्र आमचा दावा नाही. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रायफल सरकारचीच होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या कॉन्स्टेबलवर आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना ठार केल्याचा आरोप आहे. प्रवाशांना वेगवेगळ्या डब्यांत गाठून मारले गेले. त्यात द्वेष उघड होता आणि त्याला थकव्याचा किंवा आजाराचा मुलामा देणे हा मृतांचा अपमान ठरेल. खटल्यात जे ठरायचे ते ठरेल. तरी एका सहकाऱ्याने पोलिसांना दिलेला जबाब दलांच्या प्रमुखांनी टेबलावर ठेवावा असा आहे. त्यानुसार, बरे वाटत नाही, मला मध्येच उतरू द्या, असे आरोपीने सांगितले होते. वरून उत्तर आले, थोडीच ड्यूटी उरली आहे, ती पुरी कर. त्याला आडवे होऊ द्यावे म्हणून सहकाऱ्याने त्याची रायफल आपल्याकडे घेतली. थोड्या वेळाने तो उठला, गळा धरून त्याने रायफल हिसकावली. म्हणजे ज्याच्या हाती शस्त्र नको हे सोबतच्यांना दिसत होते, त्याच्यात आणि शस्त्रात अडसर काय, तर एका सहकाऱ्याचे दोन हात.

'आज माझ्या हाती बंदूक देऊ नका' हे वाक्य आपल्या दलांत आणि कंपन्यांत उच्चारता येते का? उच्चारले तर काय होते? वैद्यकीय श्रेणी खाली जाते, बढती अडकते, 'कामचोर' हा शिक्का बसतो. खासगीत दुसऱ्या दिवशी पॉइंटवर दुसरा माणूस दिसतो. केंद्रीय सशस्त्र दलांतल्या 654 जणांनी 2018 ते 2022 या पाच वर्षांत आत्महत्या केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. जवानांना वर्षातले शंभर दिवस कुटुंबाबरोबर घालवता यावेत, अशी घोषणा गृहमंत्र्यांनी 2019 मध्ये केली होती. शस्त्र हाताळणाऱ्याच्या नीतीची चर्चा आपण नेहमी त्याच्या चारित्र्यापासून सुरू करतो, रजेच्या अर्जापासून नाही. विमानाच्या वैमानिकाला थकलो म्हणून सांगता यावे, त्याच्या विश्रांतीचे तास मोजावेत, यासाठी नियम आहेत. भरलेली रायफल घेऊन रात्रभर उभा राहणाऱ्याचे तास कोण मोजतो?

महाराष्ट्राने या क्षेत्रात एकेकाळी वाट दाखवली होती. खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठीचा कायदा इथे 1981 चा आहे आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळ उभे राहिले. देशभरच्या सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राचा कायदा यायला 2005 उजाडले. 26/11 नंतर राज्याने स्वतःचे सुरक्षा महामंडळही काढले. तेव्हा पुढचे पाऊलही इथेच पडायला हरकत नाही. ज्याला सशस्त्र पहारा हवा त्याने शस्त्राचा परवाना आपल्या नावे काढावा, ते पाळी संपल्यावर कुलपात ठेवावे, किल्लीची नोंदवही ठेवावी, आणि एका दमात किती तास शस्त्र हाती राहील याची मर्यादा लिहून द्यावी. हे खर्चिक वाटेल त्यांनी आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या दाराशी बंदूक हवीच आहे का, की ती गणवेशाच्या पितळी बटणांसारखी शोभेला आहे?

यात एक अडचण आहे आणि ती मालकांची नाही. बंदूकवाल्याला बिनबंदूकवाल्यापेक्षा जास्त पगार मिळतो. कोणी निवृत्तीच्या पैशातून, कोणी बायकोचे दागिने गहाण टाकून ती घेतलेली असते. उद्या बंदूक मालकाची झाली तर याच्या हाती लाठी आणि पगारात खोट, असा सुधारणेचा अर्थ होऊ शकतो. म्हणून शस्त्र वाहण्याचा मोबदला शस्त्राच्या मालकीशी नव्हे, त्या जबाबदारीशी जोडला गेला पाहिजे, आणि आज ज्या रक्षकांच्या बंदुका मालकांच्या दाराशी उभ्या आहेत त्यांच्याकडून मालकांनी त्या रास्त किमतीला विकत घेतल्या पाहिजेत. कायद्याची त्याला आडकाठी नाही. परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या पात्र परवानाधारकाला विकायचे तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला 45 दिवस आधी कळवायचे, एवढेच शस्त्र कायद्याच्या कलम पाचमध्ये लिहिलेले आहे.